१७४ बीपीएमला ड्रम्स पळत नाहीत, नुसती गर्दी होते – काय चुकतंय?

नवाठेका

घरच्या लॅपटॉपवर ड्रम अँड बेसच्या (वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत) अंगाने जाणारा ट्रॅक चालू आहे. शेवटच्या भागात ब्रेककोअरसारखी तोडफोड हवी आहे. टेम्पो १७४ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १७४ बीट. पॅटर्न पियानो रोलमध्ये (नोटा मांडायच्या चौकटीत) माउसने भरलेला आहे. हाच पॅटर्न १२० वर वाजवला की नीट ऐकू येतो, १७४ वर नेला की लगदा होतो. सध्याची मांडणी अशी (एका बारच्या १६ स्टेप):

किक: ९०९ ड्रम मशीनच्या धाटणीचा सॅम्पल, लांबी ४०० मिलिसेकंद, स्टेप १, ४, ७ आणि ११
स्नेअर: ५ आणि १३. शिवाय त्याच सॅम्पलचे हलके ठोके ८, १० आणि १६ वर, व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर, जास्तीत जास्त १२७) ८०
क्लोज्ड हॅट: सोळाही स्टेपवर, व्हेलॉसिटी १००
चौथ्या बारच्या शेवटच्या बीटला १/३२ चा किक-रोल
मागे अमेन ब्रेक (जुन्या गाण्यातला प्रसिद्ध ड्रम-तुकडा), १३७ वरून १७४ ला टाइम-स्ट्रेच केलेला (पट्टी तीच, वेग बदललेला)
ड्रम बसवर (सगळे ड्रम्स एकत्र येतात त्या चॅनेलवर) कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा; अटॅक म्हणजे दाबायचा वेळ १ मिलिसेकंद, रिलीज म्हणजे सोडायचा वेळ २५०) आणि बसवरच रिव्हर्ब (घुमक), डिके म्हणजे विरायचा वेळ १.८ सेकंद

तक्रारी चार. किक कधी दणदणीत, कधी पोकळ. हॅट शिवणयंत्रासारखे. रोलमध्ये किकचा दम जातो आणि नुसती टकटक उरते. आणि ब्रेकला धातूचा, पत्र्यासारखा आवाज येतो. सॅम्पल बदलून पाहिले, फरक नाही. म्हणजे चूक मांडणीत आहे असं वाटतं. कुठून सुरुवात करावी?


समेवर

सॅम्पल बदलू नका, ते ठीक आहेत. वेगवान ड्रम्स करताना स्टेप मोजणं बाजूला ठेवा आणि मिलिसेकंद मोजा. ६०,००० भागिले बीपीएम म्हणजे एक बीट, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे एक स्टेप. १२० ला स्टेप १२५ मिलिसेकंदांची असते, १७४ ला ८६.२ ची. ग्रिडवर दोन्ही चौकटी सारख्याच दिसतात, त्यामुळे जागा कमी झाली आहे हे डोळ्यांना कळतच नाही.

तुमची किक घ्या. १ ते ४ आणि ४ ते ७ असं तीन-तीन स्टेपचं अंतर आहे. १२० ला हे अंतर ३७५ मिलिसेकंद. किक ४०० ची, म्हणजे जेमतेम २५ मिलिसेकंदांची शेपटी पुढच्या किकवर चढते आणि तोपर्यंत ती विरलेली असते. १७४ ला तेच अंतर २५९ होतं. आता १४० मिलिसेकंद दोन किक एकावर एक वाजतात. पहिलीचा ५० हर्ट्झचा भाग दुसरीच्या सुरुवातीला कधी मिळतो, कधी छेदतो. दणदणीत आणि पोकळ यांचा जो खेळ तुम्हाला ऐकू येतोय तो हाच.

करायचं असं. सॅम्पलरमध्ये किकचा ट्रॅक मोनो करा, म्हणजे नवी किक आली की जुनी बंद होईल. मग अँप एन्व्हलप (आवाज कधी चढेल-विरेल ते ठरवणारा) लावून किक १४० ते १६० मिलिसेकंदांवर आणा. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे १५० मध्ये साडेसात लाटा बसतात. तेवढ्यात कानाला वजन कळतं, त्याहून लांब शेपटीचं काम बेसलाइन करेल. शेवटाला १० मिलिसेकंदांचा फेड ठेवा, एकदम कापलं की ‘टिक’ असा आवाज येतो.

दुसरं, स्टेप ४ ची किक काढून टाका. ती ५ च्या स्नेअरच्या फक्त ८६ मिलिसेकंद आधी येते. त्या वेळी किकचं अंग भरात असतं, त्यामुळे स्नेअरचा पहिला फटका त्याखाली दबतो. मूळ सांगाडा एवढाच असू द्या:

| कि . . . | स्ने . . . | . . कि . | स्ने . . . |

हा टू-स्टेप. बघायला रिकामा वाटतो, पण सगळा वेग याच्यावर उभा राहतो. ऐकणाऱ्याची मान १७४ ला हलत नाही, ८७ ला हलते. मोठे ठोके ८७ च्या लयीत बसतात आणि बारीक ठोके त्याच लयीत दुगुण-चौगुण धावतात. ठाय (संथ) लय पक्की दिसली तरच दुगुण दुगुण वाटते. तुम्ही मोठेही ठोके दुगुणीत टाकलेत, मग मोजायला कानाला काही उरलं नाही. गर्दी वाटते ती त्यामुळे.

सांगाडा नीट वाजला की स्टेप ७ ची किक व्हेलॉसिटी ७० ने परत आणा. पुन्हा लगदा वाटला तर ती सोडून द्या.


बारीकबोल

हॅट आणि घोस्ट नोटबद्दल (मुख्य ठोक्यांमधले अगदी हलके ठोके) लिहितो, कारण १७४ चा खरा जीव तिथेच आहे.

सोळा हॅट, सगळे १०० वर, एकच सॅम्पल. सेकंदाला साडेअकरा वेळा तोच आवाज जसाच्या तसा येतो. कान दोन-तीन बारमध्ये तो आवाज ‘यंत्र’ म्हणून बाजूला सारतो. याला व्हेलॉसिटी रँडम करणं हा उपाय नाही. रँडममध्ये चाल नसते, नुसता थरथराट असतो. चाल हाताने लिहा. एका बीटच्या चार स्टेपसाठी ९०, ३५, ७०, ४५ असं घेऊन सुरू करा. तिसऱ्या बीटला उलटवा: ७०, ४०, ९०, ३५. एवढ्यानेच हॅट चालायला लागतील.

पण व्हेलॉसिटीने फक्त आवाज लहानमोठा होत असेल तर अर्धंच काम झालं. हलक्या हाताने मारलेला हॅट लहान तर असतोच, शिवाय मऊ आणि आखूडही असतो. सॅम्पलरमध्ये व्हेलॉसिटी तीन ठिकाणी जोडा. लो-पास फिल्टरला जोडा, म्हणजे जोरात १६ किलोहर्ट्झपर्यंत उघडा आणि हलक्यात ६-७ पर्यंत. डिकेला जोडा, जोरात ६० मिलिसेकंद, हलक्यात २५. आणि सॅम्पल-स्टार्टला जोडा, हलक्या ठोक्याला सुरुवात १ ते ३ मिलिसेकंद पुढून, म्हणजे टोकाची टिचकी निघून जाते. हे तिसरं फार कमी लोक करतात, पण यंत्रासारखेपणा सर्वात जास्त यानेच मोडतो. एकाच हॅटच्या तीन-चार वेगवेगळ्या नोंदी असतील तर राउंड रॉबिन (दर ठोक्याला पुढची नोंद) लावा. नसतील तर तीच नोंद ±१५ सेंटने (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) वर-खाली करून तीन प्रती करा.

स्नेअरचे ८, १०, १६ वरचे हलके ठोके ८० वर आहेत म्हणता. ८० म्हणजे हलका नव्हे. मुख्य स्नेअर ११५-१२७ आणि घोस्ट २५ ते ४५, एवढी दरी लागते. जागा मात्र तुम्ही अचूक निवडल्यात. घोस्टसाठी मुख्य स्नेअरचाच सॅम्पल वापरू नका. मुख्य स्नेअरला मोठं अंग असतं आणि ते ८६ मिलिसेकंदांत मावत नाही. ५०-६० मिलिसेकंदांचा कोरडा, रिमच्या जवळचा आवाज घ्या, ३०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका.

५ आणि १३ वरचा हॅट काढून पाहा. स्नेअरचा फुटारा ५ ते १० किलोहर्ट्झमध्ये असतो आणि हॅटही तिथेच बसतो. हॅट निघाला की स्नेअर आवाज न वाढवता मोठा होतो. ओपन हॅट वापरणार असाल तर तो क्लोज्डच्याच चोक ग्रुपमध्ये (एक वाजला की दुसरा बंद) टाका, नाहीतर त्याची शेपटी पुढच्या चार स्टेप झाकून टाकेल.

स्विंग जपून वापरा. १७४ ला दोन स्टेपची जोडी १७२.४ मिलिसेकंदांची. ५४ टक्के स्विंग म्हणजे दुसरी स्टेप ७ मिलिसेकंद मागे, ५८ टक्के म्हणजे १४. याच्या पुढे ती नुसती ‘मागे’ वाटत नाही, तिय्यमाकडे (एकाच जागेत तीन समान ठोके) सरकते आणि चाल घोड्याच्या टापांसारखी होते. तेच हवं असेल तर गोष्ट वेगळी. माझ्या मते ५२ ते ५५ पुरे, तेही फक्त हॅट आणि घोस्टला. किक आणि मुख्य स्नेअर ग्रिडवरून हलवू नयेत.


तुकडेजोड

ब्रेकचा पत्रा वाजतो तो टाइम-स्ट्रेचमुळे. आणि गंमत अशी की १३७ वरून १७४ ला जाताना स्ट्रेचची गरजच नसते.

हिशोब पाहा. १३७ ला स्टेप १०९.५ मिलिसेकंदांची, १७४ ला ८६.२ ची. ब्रेकचे ठोक्याठोक्याला तुकडे केले तर प्रत्येक स्टेपमागे २३ मिलिसेकंद जास्त आहेत, कमी नाहीत. म्हणजे कुठेही फट पडत नाही. तुकडा मूळ पट्टीत, मूळ वेगात वाजवायचा आणि पुढचा तुकडा आला की त्याची शेपटी कापायची. ठोक्याची सुरुवात शाबूत राहते, जाते ती फक्त खोलीची घुमक. आवाज आवळला जातो, आणि १७४ ला तेच हवं असतं. फटी पडायचा त्रास ब्रेक हळू करताना होतो.

पायऱ्या:

१. ब्रेकचा नेमका एक बार कापा. सुरुवात पहिल्या किकच्या लाटेच्या अगदी तोंडाशी हवी, आधी शांतता नको.
२. ट्रान्झिएंटवर (ठोक्याच्या सुरुवातीच्या टोकावर) तुकडे करा. आपोआप केलेले तुकडे तसेच स्वीकारू नका. हलक्या घोस्टवर खूण हमखास चुकते, तिथे झूम करून हाताने सरकवा. खूण ठोक्याच्या १-२ मिलिसेकंद आधी चालेल, नंतर असली तर फटक्याचं टोक जातं.
३. सगळे तुकडे एकाच मोनो गटात, फेड-आउट ३ मिलिसेकंद.
४. आधी मूळ क्रमाने वाजवा. मूळ चाल १७४ ला नीट ऐकू आली तरच क्रम बदलायला घ्या.

अमेनचा पहिला बार असा आहे (घो म्हणजे घोस्ट स्नेअर):

| कि . कि . | स्ने . . घो | . घो कि कि | स्ने . . घो |

१९६९ साली ग्रेगरी कोलमन यांनी वाजवलेले हे चार बार. ८, १० आणि १६ चे घोस्ट बघा, तुमच्या पॅटर्नमध्ये त्याच जागा आहेत. मग मागे ब्रेक असताना तुमचे वेगळे घोस्ट कशाला? दोन्ही एकत्र वाजले की काही मिलिसेकंदांच्या फरकाने प्रत्येक ठोका दुहेरी होतो. एक जण काढा. मी असतो तर ब्रेकमधले ठेवले असते, त्यांच्यात हाताची ओढ आहे.

तिसऱ्या बारमध्ये शेवटचा मोठा स्नेअर १३ वर न येता १५ वर येतो. नवशिक्याला हा उशीर चूक वाटतो आणि तो सरळ करायला जातो. करू नका. त्याच धक्क्यासाठी लोकांनी हा ब्रेक इतकी वर्षं कापला. तुमच्या चौथ्या बारला किक-रोल टाकण्याऐवजी हाच उशिराचा स्नेअर टाकून पाहा.

पट्टी चढवायची असेल तर सरळ रीसॅम्पल करा, म्हणजे वेग आणि पट्टी दोन्ही चढतील. १३७ ते १७४ म्हणजे ४.१ सेमीटोन. जंगलचा (ड्रम अँड बेसच्या आधीच्या शैलीचा) तो चिरका, घाईचा रंग बराचसा यातूनच येतो. मूळ पट्टी आणि चढवलेली पट्टी असे दोन्ही संच हाताशी ठेवा आणि तुकड्यातुकड्याला अदलाबदल करा.


ट्रॅकरवाला

रोलबद्दल. किकचा दम का जातो ते आधी समजून घ्या. ९०९ धाटणीच्या किकमध्ये आवाज वरून खाली घसरतो, साधारण ३०-४० मिलिसेकंदांत तो खालच्या सुराला पोचतो आणि मग वजन सुरू होतं. १७४ ला १/३२ म्हणजे ४३ मिलिसेकंद. किक खाली पोचते न पोचते तोच पुढची सुरू होते. खालचा भाग वाजतच नाही, वाजतं ते फक्त घसरणीचं वरचं टोक. आवाज वाढवून, कॉम्प्रेस करून हे सुटणार नाही, कारण जे वाजलंच नाही ते वाढणार कसं.

म्हणून किकचे दोन थर करा. वरचा थर: १२० हर्ट्झच्या वरचं सगळं, यावर रोल लिहा. खालचा थर: ५० हर्ट्झचा साधा साइन, यावर रोलच्या अख्ख्या लांबीची एकच नोट, हळूहळू विरणारी. कानाला अख्खी किक रोल करते आहे असंच वाटतं.

स्नेअर रशसाठी (वेग वाढत जाणारा स्नेअरचा रोल) ही आकडेमोड उपयोगी पडेल. १७४ ला १/१६ सेकंदाला ११.६ वेळा, १/३२ म्हणजे २३.२ वेळा, १/६४ म्हणजे ४६.४ वेळा. सेकंदाला वीसच्या आसपास कानाची सीमा आहे. तिच्या खाली सुटे ठोके ऐकू येतात, वर गेलं की सूर होतो. १/३२ बरोबर सीमेवर आहे, म्हणून तो धड ठोका नाही आणि धड सूर नाही अशी घरघर लागते. १/६४ हा मात्र सरळ सूर आहे: ४६.४ हर्ट्झ म्हणजे जवळजवळ मंद्रातला एफ शार्प (४६.२५). आणि १/६४ चे तिय्यम, म्हणजे बीटला २४ ठोके, ६९.६ हर्ट्झ. तो सी शार्प, एफ शार्पचा पंचम. फरक पाच-आठ सेंटांचा, कानाला लागत नाही. ट्रॅक एफ शार्पमध्ये असेल तर रोल आपोआप सुरात लागतो. दुसऱ्या पट्टीत असेल तर उलटा हिशोब करा: हव्या त्या सुराचे हर्ट्झ भागिले १६, गुणिले ६०. जी (४९ हर्ट्झ) साठी १८३.७५ बीपीएम येतं, ए (५५) साठी २०६.२५. ब्रेककोअरमध्ये टेम्पो असा ठरवणं फार फायद्याचं आहे.

दोन बीटचा रश असा बांधा. पहिल्या बीटला चार १/१६, पुढच्या अर्ध्या बीटला चार १/३२, शेवटच्या अर्ध्या बीटला आठ १/६४. व्हेलॉसिटी ५० पासून चढवत १२० पर्यंत न्या, पट्टी शेवटच्या बीटमध्ये एका सप्तकाने वर किंवा खाली. खाली नेली तर दार बंद झाल्यासारखं वाटतं, वर नेली तर पुढच्या समेची ओढ लागते. मग शेवटचे चार १/६४, म्हणजे एक पूर्ण स्टेप, काढून टाका. समेच्या आधी ८६ मिलिसेकंद शांतता. तिच्याशिवाय पुढची किक कितीही मोठी असली तरी लहान वाटते.

ही कामं ट्रॅकरमध्ये (ठोके ओळीखाली ओळ लिहायचं सॉफ्टवेअर) पियानो रोलपेक्षा पटापट होतात. ओपनएमपीटी किंवा मिल्कीट्रॅकर फुकट आहेत. एक टिक म्हणजे २.५ सेकंद भागिले बीपीएम, आणि स्पीड म्हणजे एका ओळीत किती टिक. स्पीड ६ आणि बीपीएम १७४ ठेवलं तर टिक १४.४ मिलिसेकंदांची, ओळ बरोबर एका स्टेपची. रीट्रिगर (तोच ठोका पुन्हा वाजवणारा कमांड) ३ टिकला लावला की १/३२, २ टिकला लावला की ओळीत तीन ठोके, १ टिकला लावला की वर सांगितलेला सी शार्प. पण ६ मध्ये १/६४ बसत नाही, दीड टिक लावता येत नाही ना. त्यासाठी स्पीड ८ आणि बीपीएम २३२ करा. ओळ पुन्हा ८६.२ मिलिसेकंदांचीच राहते, पण आता २ टिक म्हणजे १/६४ आणि १ टिक म्हणजे वरच्या सप्तकातला एफ शार्प.

ब्रेक कापायलाही युक्ती आहे. जुन्या ट्रॅकर पद्धतीत सॅम्पल-ऑफसेटचा कमांड (आवाज मधूनच सुरू करणारा) २५६ सॅम्पलच्या पटीत उडी मारतो; इथे सॅम्पल म्हणजे डिजिटल ध्वनीतला एकेक आकडा. ब्रेकचा एक बार रीसॅम्पल करून बरोबर ६५,५३६ सॅम्पलचा करा. मग प्रत्येक स्टेप ४,०९६ सॅम्पलची, म्हणजे हेक्समध्ये १० ची उडी: ००, १०, २० असं करत शेवटची एफ०. आकडा वाचला की कुठला ठोका ते कळतं, वेगळे तुकडे करावेच लागत नाहीत. एक काळजी घ्या: हाताने वाजवलेले ठोके ग्रिडवर काटेकोर नसतात. एखादी उडी ठोक्याच्या थोडी पुढे पडली की फटका बोथट येतो. तेवढे ठोके वेव्ह एडिटरमध्ये आधी जागेवर सरकवून घ्या.


सरळग्रिड

एका मुद्द्यावर मत वेगळं आहे. स्विंग, सरकवणं वगैरे १७४ पर्यंत ठीक. २०० च्या पुढे सगळं काटेकोर ग्रिडवरच ठेवा. २२० ला स्टेप ६८ मिलिसेकंदांची असते, तिथे १० मिलिसेकंद इकडेतिकडे म्हणजे स्टेपचा सातवा हिस्सा. ते चुकल्यासारखंच ऐकू येतं, माणसासारखं नाही. तिथे जिवंतपणा आणायचा तो व्हेलॉसिटी, लांबी आणि मधल्या शांततेतून.

बाहेरचं ड्रम मशीन पाच पिनांच्या मिडीने (वाद्यांना नोटा पाठवायची तार) जोडणार असाल तर हेही लक्षात असू द्या: त्या तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, एक नोट-ऑन जायला जवळपास १ मिलिसेकंद लागतो. एकाच क्षणी सहा नोटा पाठवल्या तर शेवटची पाच-सहा मिलिसेकंद उशिरा पोचते. किक आणि स्नेअरच्या नोटा आधी जातील अशी व्यवस्था करा, हॅटला उशीर चालतो. सर्वात बरं म्हणजे मशीनचे ठोके एकेक रेकॉर्ड करून सॅम्पलरमध्येच वाजवा.


नवाठेका

एवढ्या तपशिलात उत्तरं दिल्याबद्दल मनापासून आभार. किक मोनो आणि १५० मिलिसेकंद, स्टेप ४ काढली, हॅट लिहून काढले, ब्रेकचे तुकडे स्ट्रेचशिवाय. लगदा गेला, हॅट चालायला लागले, ब्रेकचा पत्रा पूर्ण थांबला.

आता नवी अडचण. ब्रेकवर स्वच्छ स्नेअरचा थर ५ आणि १३ ला टाकलाय. सुटे ऐकले की दोन्ही छान. एकत्र वाजवले की स्नेअर पातळ, अंगच नाही. ब्रेकवर १५० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) आहे. आणि कॉम्प्रेसर-रिव्हर्ब अजून जुन्याच आकड्यांवर आहेत.


मिक्सघर

पातळ होतोय तो फेजमुळे. स्नेअरचं अंग २०० हर्ट्झच्या आसपास असतं, तिथे एक लाट ५ मिलिसेकंदांची. दोन थर अडीच मिलिसेकंदांनी मागेपुढे असले की एकाची चढण दुसऱ्याच्या उतारावर येते आणि अंग खाल्लं जातं. वरचा फुटारा तसाच राहतो, म्हणून ‘पातळ’ ऐकू येतं. त्यात १५० चा हाय-पास २०० च्या जवळचा फेज आणखी फिरवतो.

दोन्ही थर ऑडिओ करून एकाखाली एक ठेवा आणि सॅम्पल दिसेपर्यंत झूम करा. पहिला मोठा उंचवटा दोघांचा एकाच बाजूला आणि एकाच रेषेवर यायला हवा. बाजू उलटी असेल तर स्वच्छ स्नेअरची पोलॅरिटी उलटवा, मग थोडं थोडं सरकवत कानाने ठरवा, दर वेळी ०.२ मिलिसेकंद पुरे. सरकवायचा तो स्वच्छ स्नेअर, ब्रेक नव्हे, कारण ब्रेकची चाल बाकी सगळ्यांशी बांधलेली आहे. तरीही अंग ढवळत असेल तर दोघांचे सूर तपासा. एक १९० वर आणि दुसरा २१० वर असेल तर सेकंदाला २० हेलकावे येतात. स्वच्छ स्नेअर २१० वर चढवायला पावणेदोन सेमीटोन लागतील.

कॉम्प्रेसरचे जुने आकडे इथे चालणारच नाहीत. १ मिलिसेकंदाचा अटॅक प्रत्येक ठोक्याचं टोक चिरडतो. २५० चा रिलीज जवळपास तीन स्टेपचा होतो, म्हणजे किकने दाबलेला आवाज सुटण्याआधीच मधले घोस्ट येऊन जातात आणि कोणाला कळतही नाही. अटॅक १५ ते २०, रिलीज ६० ते ८०, रेशो ३ ला १, घट २-३ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. रिलीज एका स्टेपपेक्षा, म्हणजे ८६ पेक्षा, कमी असणं महत्त्वाचं. जास्त चिरडलेला आवाज आवडत असेल तर तो समांतर बसवर घ्या आणि खाली मिसळा, मूळ ठोक्यांची टोकं शाबूत राहतील.

रिव्हर्ब बसवरून काढा. १७४ ला अख्खा बार १.३८ सेकंदांचा आणि तुमचा डिके १.८. म्हणजे या बारची घुमक संपायच्या आत पुढचा बार वाजूनही गेला. सेंडवर (वेगळ्या समांतर वाटेवर) घ्या, फक्त मुख्य स्नेअर पाठवा, डिके ०.४ सेकंद, प्री-डिले (घुमक सुरू होण्याआधीचा वेळ) १० मिलिसेकंद, ४०० हर्ट्झच्या खालचं कापून. मग १३ चा स्नेअर आणि १६ चा घोस्ट एवढेच दोन लूप करून ऐका. त्या दोघांमध्ये २५९ मिलिसेकंद आहेत. घोस्ट शेपटीत बुडत असेल तर डिके ०.२५ वर आणा, घोस्ट मोठा करू नका.